बारकूभाऊंची अकराची भूक

सोमवार, १७ नोव्हेंबर १९९७
पहाटे थंडी. दूध अर्धा लिटर जास्त घेतलं. भाऊ आणि बाई सकाळच्या एस.टी.ने आले. कल्याणला दुर्बिणीने बाईंचं पोट तपासलं त्याचे कागद बरोबर होते. ते डॉक्टरीणबाईंना दाखवले. अल्सर आहे, थोडं रक्तही गेलं आहे. बाई इथे राहायला तयार नाहीत. भाऊ काहीच बोलले नाहीत. रात्री मऊ खिचडी केली. फडताळाची कडी सैल झाली आहे.

सरस्वतीबाईंनी एवढं लिहून पेनाला टोपण लावलं. शहापूरच्या त्या दोन खोल्यांत नवरा गेल्यापासून त्या एकट्याच राहत. इगतपुरीच्या कॉन्व्हेंट शाळेतल्या मदरनी लहानपणी रोजनिशीची सवय लावली, ती लग्नातही सुटली नाही आणि वैधव्यातही नाही. नोंदीतले भाऊ म्हणजे त्यांचे थोरले दीर बारकू, आणि बाई म्हणजे त्यांची थोरली जाऊ लहानी. दोघं टोकावड्याजवळच्या गावात राहून भातशेती करायची. दोघांनीही साठी ओलांडलेली होती आणि पोटी मूलबाळ नव्हतं.

‘भाऊ काहीच बोलले नाहीत’ यात नवल काहीच नव्हतं. बारकूभाऊंनी आयुष्यभर जे केलं ते न बोलताच केलं. बाप गेला तेव्हा ते दुसरीत होते. दुसऱ्या दिवशी पाटी धाकट्या तुळशीरामच्या हातात दिली आणि स्वतः नांगरामागे गेले. पुढे तुळशीराम शिकला, शहापूरला कचेरीत लागला, इगतपुरीची बायको करून आला. धाकट्या भावजयीने थोरल्या दिरासमोर डोक्यावरून पदर घ्यायचा आणि त्याच्याशी थेट बोलायचं नाही, अशी त्या घरची रीत होती. सरस्वतीबाईंनी पदर घेतला. पण बाकड्यावर बसून शिकलेली पोर चुलीपुढे उकिडवी बसली की पाय वाकडे व्हायचे, घडीघडी उठायची. त्या वर्षी म्हशाच्या जत्रेहून बारकूभाऊ आले ते खांद्यावर एक बुटकं लाकडी स्टूल घेऊन. ते चुलीपुढे ठेवलं आणि बैलांना पाणी पाजायला निघून गेले. स्टूल कुणासाठी, हे त्यांनी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. सरस्वतीबाई गावी गेल्या की अजूनही त्याच स्टुलावर बसायच्या.

त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी लहानीबाईंना पुढ्यात बसवून एकेक गोष्ट विचारली होती. गुडघ्याला काय घेता? लहानीबाईंनी कनवटीची पुरचुंडी सोडली. आत दुकानातून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या.

“रोज घेता?”

“रोज नाय. चिखलनी-लावनीत रोज. आनि सोमवारी घेते, देवळाच्या पायऱ्या चढायच्या असतात ना.”

“सोमवारी उपास असेल.”

“हो तर! कडक. नुस्ता कोरा चा.”

“आणि त्यावर गोळी?”

“गोळी उपासाला चालते की,” लहानीबाई म्हणाल्या. “ती काय अन्न हाय?”

डॉक्टरीणबाईंनी हसू दाबलं आणि पुरचुंडी टेबलाच्या खणात टाकली. ही गोळी पोटाची आतली कातडी खाते, रिकाम्या पोटी तर फारच, असं समजावलं. गुडघ्याला लावायला मलम दिलं. मिश्री बंद, रिकाम्या पोटी चहा बंद, उपास बंद. पोटाच्या गोळ्या सांगितल्या तशा, एकही न चुकवता. मऊ जेवण, आणि पोट फार वेळ रिकामं ठेवायचं नाही. थोडं थोडं, पण वेळेवर. शौचाला काळं झालं किंवा चक्कर आली तर लगेच घेऊन या. संक्रांतीआधी पुन्हा दुर्बीण घालून बघू.

“आणि गावी हे सगळं होणार नसेल,” त्या सरस्वतीबाईंना म्हणाल्या, “तर तुम्ही ठेवून घ्या यांना. पुन्हा रक्त गेलं तर अवघड होईल.”

घरी येताच लहानीबाईंनी पिशवी भिंतीला टेकवून ठेवली आणि तिच्यावर हात ठेवूनच बसल्या.

“मी नाय रहायची इथं. सांगून ठेवते.”

“बाई, चार महिने. बरं वाटलं की जा.”

“चार महिने! मी काय शेरडू हाय गो, की इथं सोडली नि तिथं बांधली? माजी गाय व्यायला झाली. खळ्यावर भात पडलंय. आनि यांना भाकर कोन देल?” त्यांनी दाराकडे मान वळवली. दारात बारकूभाऊ टोपी गुडघ्यावर ठेवून बसले होते. “म्हशाची जत्रा आली तोंडावर. लग्न झाल्यापासून एक जत्रा चुकली नाय आमची.”

बारकूभाऊंनी टोपी उलटी केली, सुलटी केली.

शेवटी सरस्वतीबाईंनी मधला मार्ग काढला. आपणच गावी जायचं, पथ्याची घडी बसवून द्यायची. संक्रांतीआधी जखम भरली तर बाईंनी गावीच राहावं. नाही भरली, तर मुकाट्याने शहापूरला यावं. लहानीबाईंनी गळ्याची शपथ घेतली. दुसऱ्या दिवशी तिघं किन्हवली-सरळगाववरून गावी पोचली.

पहिले दोन दिवस सरस्वतीबाईंचा उत्साह काही विचारू नका. घरच्या तांदळाच्या कण्या पाखडून, धुऊन, मंद आचेवर त्यांची पेज शिजवली, वर चमचाभर तूप आणि चिमूटभर जिरं. परड्यातला दुधी मुगाच्या डाळीत असा शिजवला की दात न लावता मोडावा. मऊ भात, त्यावर पातळ वरण. पिकलेली पपई. नाचणीचं सत्त्व दुधात. मिरचीचा डबा वरच्या फळीवर गेला, सुकटीचा त्याच्याही वर. मिश्रीची डबी तर लहानीबाईंनी स्वतःच चुलीत टाकली आणि नंतर दिवसभर कुणाशी धड बोलल्या नाहीत.

शेजारची ठकू रोज एक उपाय घेऊन यायची. “नुस्तं दूध द्या तिला. दुधानं आग विजते.”

“दुधानं घटकाभर बरं वाटतं,” सरस्वतीबाई म्हणायच्या, “पण दूध म्हणजे औषध नव्हे. औषध ते औषध.”

“शिकलेल्यांचं काय सांगावं बाय!” म्हणत ठकू पेजेचं पातेलं उघडून वास घेई. “लहाने, मजा हाय तुजी. माजी जाऊ मला पानी नाय विचारत.”

सरस्वतीबाईंनी वहीचा कागद फाडून त्यावर खाण्याच्या वेळा लिहिल्या आणि तो कागद भाताच्या खळीने भिंतीला चिकटवला. लहानीबाईंना वाचता येत नव्हतं, म्हणून प्रत्येक वेळेपुढे सूर्य कुठे असेल ते काढलं. सकाळी सात, अकरा, दोन, पाच, आणि रात्रीच्या आठपुढे चांदणी.

सातची पेज जायची. अकराची तशीच राहायची.

सरस्वतीबाई वाडगा भरून ठेवत, लहानीबाई त्यावर ताट झाकत. “घेते गो. इतकं शेन भरते नि घेते.” मग शेण, मग गाय, मग अंगण. बारा वाजायच्या सुमारास त्या परड्याच्या कुडाला धरून वाकलेल्या दिसायच्या, ओठ मिटलेले, एक हात पोटावर. चौथ्या दिवशी सरस्वतीबाईंचा धीर सुटला.

“बाई, मी शहापूरहून इथे झाकणं बघायला आले का? का खात नाही तुम्ही?”

लहानीबाई पायरीवर टेकल्या. म्हणाल्या, “घरधनी खळ्यावर उपाशी झोडतोय, नि मी घरात बसून काय गिळू?”

“सातला खाता की.”

“सातला ते असतात. ते भाकर खाऊन जातात, मग मी खाते. आता ते येनार दोन-अडीचला. आपल्या सासूनं मला सांगितलं होतं, पुरुष रानात असला की चूल झाकलेली बरी. तुला नाय सांगितलं. तू शिकलेली म्हनून सोडली तुला.”

“पण दुखणं तुम्हाला आहे, त्यांना नाही!”

“माजं दुखनं माज्या पोटात. माजी रीत काय पोटात हाय?”

सरस्वतीबाईंनी परोपरीने सांगून पाहिलं. डॉक्टरीणबाईंचं नाव घेतलं, शहापूरला न्यायची धमकी दिली. लहानीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ताट काही उघडलं नाही. “कोरड पडते गो घशाला,” त्या म्हणाल्या. “चमचा उचलला की ते दिसतात, डोक्यात भुसा घेऊन झोडताना. उतरत नाय.”

मग मात्र सरस्वतीबाई घाबरल्या. मिरची काढता येत होती, गोळी काढता येत होती. एवढ्या वर्षांची सवय कुठल्या फळीवर ठेवणार? आणि ही अशी रोज उपाशी राहिली तर जखम भरायची नाही, आणि शपथ घेतली आहे म्हणून आपल्यालाच तिला या दारातून ओढून न्यावं लागेल.

उपाय भाऊंकडेच होता, पण भाऊंशी बोलायचं कसं? त्या संध्याकाळी बारकूभाऊ ओट्यावर विळ्याला धार लावत होते. अंगणात दोनच दिवसांपूर्वी झालेलं वासरू बांधलं होतं. सरस्वतीबाईंनी पदर पुढे ओढला, वासराच्या पाठीवर हात ठेवला आणि त्यालाच सांगायला लागल्या.

“काय सांगू तुला बाबा! बाईंनी अकरा वाजता खाल्लं नाही तर दुखणं हटायचं नाही. आणि घरधन्याआधी त्या खायच्या नाहीत. घरधनी येतात दोनला. पेज निवून तिचा खरवस होतो. संक्रांतीला डॉक्टर बघणार. मग बाई शहापूरला, आणि तू नि तुझी आई इथे. समजतंय का तुला काही?”

वासराने कान हलवले. विळ्याचा आवाज क्षणभर थांबला, पुन्हा सुरू झाला. बारकूभाऊ उठले, विळा आढ्याला खोवला आणि हात धुवायला गेले. ‘वासराला जास्त समजलं असेल,’ सरस्वतीबाई मनात म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सूर्य कागदावरच्या अकराच्या जागी आला आणि अंगणात खोकल्याचा आवाज झाला. बारकूभाऊ दारात उभे होते. टोपीवर भुसा, हातापायांवर भुसा.

लहानीबाई हातातलं शेण टाकून धावल्या. “काय झालं? पडलात काय? कोनाला लागलं?”

“भूक लागली.”

“आत्ता?”

“आत्ता.”

“भाकर तर अजून…”

“काय असंल ते दे.”

जे होतं ते फक्त पेज होती. सरस्वतीबाई स्टुलावर बसून बघत राहिल्या. बारकूभाऊंना पेजेचा किती तिटकारा हे अख्ख्या घराला ठाऊक होतं. बाप गेल्यावरची काही वर्षं त्या घराने सकाळ-संध्याकाळ पातळ पेजेवर काढली होती. स्वतःच्या हाताने पहिली रास उचलली तेव्हा त्यांनी सांगितलं होतं, आता माझ्या पानात पेज वाढू नका. भर तापातही ते भाकरी कुस्करून खात. त्या बारकूभाऊंनी वाडगा तोंडाला लावला, डोळे मिटले, दोन घोट घेतले. मानेची शीर ताठ झाली. वाडगा खाली ठेवून मिशी पुसली.

“झाली माजी भूक,” ते म्हणाले आणि खळ्याकडे चालू लागले.

लहानीबाई त्यांच्या पाठमोऱ्या टोपीकडे बघत राहिल्या. मग खाली बसल्या, आणि झाकलेला वाडगा स्वतःकडे ओढला.

तेव्हापासून बारकूभाऊंना रोज अकराला भूक लागायला लागली. पुढे पाचलाही लागू लागली. गाव काही गप्प बसणार नव्हतं. खळ्यावर झोडणीला पोश्या असायचा, कातकरवाडीतला, जिभेने तिखट. तो एकदा दाणे पोचवायला घरी आला तेव्हा ओट्यावरूनच ओरडला, “लहानीबाय, दादांना काय घालता गो पेजेत? सूर्य वर आला की नुस्ते घराकडं बगतात. नवीन नवऱ्यावानी!”

“तुज्या घरी कोन पेज घेऊन बसलंय का रे?” बारकूभाऊ मागून आले. “नाय ना? मग झोड गप.”

ठकूने लहानीबाईंना टोचायचं सोडलं नाही. “नवरा खळं टाकून येतो म्हनं. चेटूक-बिटूक केलंस की काय?” पण आता लहानीबाईंच्या ओठांवर हसू यायचं. कुडाला धरून वाकणंही कमी होत गेलं. गुडघ्याला रात्री मलम, वर गरम मिठाच्या पुरचुंडीचा शेक. पंधरवड्यासाठी आलेल्या सरस्वतीबाई महिना झाला तरी हलल्या नाहीत.

मग रास मोजायचा दिवस आला. त्या घरची रीत अशी, की उफणून साफ केलेल्या भाताची रास मोजून, नारळ फोडून होईपर्यंत घरधन्याने राशीजवळून उठायचं नाही आणि तोंडात काही घालायचं नाही. बारकूभाऊंनी ती रीत बापामागे एकदाही मोडली नव्हती. मोजणीला दुपार टळणार हे सगळ्यांना माहीत होतं. सकाळीच लहानीबाईंनी अकराच्या पेजेवर ताट झाकलं आणि म्हणाल्या, “आज नको बोलूस गो. आज रास हाय. एक दिवस काय होतंय?”

एक दिवस काय होतं, ते सरस्वतीबाईंनाही ठाऊक नव्हतं आणि डॉक्टरीणबाईंनाही ते सांगता आलं नसतं. अकरा वाजले. अंगणात कुणी नव्हतं. सव्वाअकराच्या सुमारास लहानीबाईंचा हात पोटाकडे गेला.

तेवढ्यात खोकला ऐकू आला.

दोघींनी वर पाहिलं आणि दोघी चकित झाल्या. बारकूभाऊ बोडके उभे होते. टोपीशिवाय त्यांना सरस्वतीबाईंनी सासऱ्यांच्या श्राद्धाखेरीज कधी पाहिलं नव्हतं. कपाळाचा वरचा अर्धा भाग टोपीखाली राहून राहून पांढरा पडला होता.

“रास टाकून आलात?” लहानीबाई पायरीवरून उठल्या. “आनि टोपी कुठं हाय?”

“टोपी बसलीय राशीजवळ. माज्या बदल्यात.”

“अवो, पन लक्ष्मी…”

“रास काय रेडा हाय, पळून जायला?” बारकूभाऊ ओट्यावर टेकले. “वाढ. भूक लागली.”

लहानीबाईंनी वाडगा दिला. त्यांनी दोन घोट घेतले, नेहमीसारखी मान ताठ केली, पण या वेळी उठले नाहीत. समोर बसून राहिले. लहानीबाईंनी आपला वाडगा उघडला. पहिला घोट घशाखाली गेला, दुसरा गेला, वाडग्याचा तळ दिसला. मग बारकूभाऊ उठले आणि आपल्या टोपीला सोडवायला गेले. मागाहून पोश्याने सांगितलं की मोजणीवाल्यांनी टोपीलाच रामराम करून माप धरलं होतं. त्या दिवसापासून बारकूभाऊ लहानीबाईंचं होईपर्यंत समोर बसू लागले, आणि दोन घोटांऐवजी त्यांचाही वाडगा रिकामा होऊ लागला.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तिघं कल्याणला गेली. दुर्बीण घालायची म्हणून लहानीबाईंना सकाळपासून उपाशी ठेवलं होतं. अकरा वाजता त्या आत आणि हे दोघं बाहेर बाकावर. बारकूभाऊंच्या पोटातून आवाज आला. सरस्वतीबाईंनी पिशवीतलं केळं काढून बाकावर दोघांच्या मध्ये ठेवलं.

“ती खाईल, मग मी,” बारकूभाऊ समोरच्या भिंतीला म्हणाले.

पुन्हा पोट वाजलं. या खेपेला पलीकडच्या बाईनेही वळून पाहिलं.

दार उघडलं आणि तिथल्या डॉक्टरांनी कागद सरस्वतीबाईंच्या हातात दिला. जखम भरली होती. औषध संपेपर्यंत घ्यायचं, त्या दुखण्याच्या गोळ्यांना पुन्हा हात लावायचा नाही, वेळेवर खायचं. “गावी ठेवायला हरकत नाही,” असं ते म्हणाले तेव्हा लहानीबाईंनी कागदाकडे पाहिलंच नाही; सरस्वतीबाईंचा हात तेवढा घट्ट धरला.

घसा बधिर केला होता, म्हणून तासभर थांबून मग डबा उघडला. मऊ वरण-भात होता. लहानीबाईंना अशी भूक लागली होती की चार घास भराभर गेले, पाचवा हातात असताना त्या एकदम थबकल्या.

“अगो बाय! तुमी जेवलात कुठं?”

“खा,” बारकूभाऊ म्हणाले. “मला कुठं भूक हाय?”

त्यांचं पोट लगेच वाजलं, आणि दवाखान्याच्या व्हरांड्यात लहानीबाई तोंडाला पदर लावून हसत सुटल्या.

रात्री तिघं शहापूरला आली. सकाळच्या गाडीने गाव, आणि सोमवारी पौर्णिमेला म्हशाची जत्रा. बारकूभाऊ ओट्यावर घोंगडी घेऊन आडवे झाले. आत दोघी जावा भांडी आवरत होत्या.

“बाई, एक विचारू? भाऊंना अकराला खरंच भूक लागायची, असं वाटत होतं तुम्हाला?”

लहानीबाईंनी ताट पुसून फडताळात उभं केलं. “येडी हाय काय मी? पयल्या दिवसापासून माहीत हाय. पेज बगून त्यांचं तोंड कसं होतं, ते मला नाय कळायचं?”

“मग बोलला का नाहीत?”

“मी बोलले असते तर ते आले नसते. आखा जन्म रानात गेला त्यांचा. भर कामाच्या वख्ताला माज्यासमोर कदी बसले होते गो?”

बाहेर घोंगडीतून खोकला आला. दोघी एकमेकींकडे बघून हसल्या.

सगळं निजानीज झाल्यावर सरस्वतीबाईंनी रोजनिशी उघडली. ७ जानेवारी १९९८, बुधवार. कल्याणचा निकाल लिहिला, औषधांची नावं लिहिली, थंडी लिहिली. मग उठून सुई-दोरा घेतला, थोडा वेळ दिव्याखाली काम केलं आणि परत येऊन खाली एक ओळ जोडली:

भाऊंची बंडी पोटावर घट्ट होते, दोन बटणं तुटली होती, ती सरकवून लावली. पांढरा दोरा संपला.